हिरवी वसई : आराखड्यातली आणि आपल्या लेखनातली

विकास आराखड्याला कोणी वाङ्मय म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत वसईच्या माणसाने एखादा ग्रंथ पुन्हा पुन्हा, भीत भीत, शेजाऱ्याला विचारून आणि वकिलाकडून समजावून घेऊन वाचला असेल, तर तो हाच. आपल्याकडे एखाद्या कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती संपायला दहा वर्षे लागतात. आराखडा प्रसिद्ध झाला की मात्र भिंतीवरच्या नकाशापुढे चष्मे पुसत माणसे उभी राहतात, आपला सर्व्हे नंबर बोटाने शोधतात, आणि सापडला की काही क्षण गप्प होतात. एवढ्या एकाग्रतेने वाचला जाणारा मजकूर समीक्षकाने ओलांडून पुढे जावे, हे मला बरे वाटत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचे वाचन करावयाचे आहे. आणि त्याच्या शेजारी ठेवून, याच काळात आपण स्वतः वसईविषयी जे लिहिले त्याचेही. दोन्ही लेखने एकाच भूमीविषयी आहेत. परंतु दोन्ही बाजूला ठेवून मी वाडीत जाऊन उभा राहतो, तेव्हा दोन्हींतही न सापडलेले बरेच काही तेथे दिसते.

प्रथम आराखड्याची भाषा पाहू. तिचे पहिले लक्षण असे की तिच्यातल्या क्रियापदांना कर्ता नसतो. रस्ता ‘प्रस्तावित आहे’, भूखंड ‘आरक्षित ठेवण्यात येत आहे’, वापर ‘बदलण्यात येईल’. कोण बदलणार आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे वाक्यातून कधी कळत नाही. दुसरे लक्षण, तिचा काळ. आराखडा नेहमी वीस वर्षांनंतरचे बोलतो. जे आज उभे आहे ते त्याच्या लेखी ‘विद्यमान’ एवढ्या एका शब्दात आटोपते. आणि तिसरे लक्षण म्हणजे रंग. पिवळा म्हणजे राहण्याची जागा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. शाळेतल्या मुलाला समजावी इतकी सोपी ही वर्णमाला आहे, आणि तिच्या सोपेपणातच सारी ग्यानबाची मेख आहे.

कारण हिरव्या रंगाचा आराखड्यातला अर्थ अभावात्मक आहे. नगररचनेच्या सरकारी मराठीत ‘ना-विकास क्षेत्र’ असा एक शब्द आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यापाशी थोडे थांबावे. ज्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पानवेल चढली, राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी झाली, जिच्यातली भाजी आणि फुले पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात गेली, तिची ओळख ‘जिथे अजून काही झालेले नाही’ अशी करून द्यायची! एखाद्या विवाहित स्त्रीची ओळख ‘ना-नोकरी’ अशी करून द्यावी, त्यातला हा प्रकार. एकदा एखाद्या गोष्टीला नकाराने संबोधले, की तिची राखण करणे म्हणजे केवळ विलंब करणे ठरते. हिरवा पट्टा हा मग पिवळ्या पट्ट्याचा प्रतीक्षाकक्ष होतो. शासनाच्या प्रत्येक नव्या आराखड्याने या कक्षातून काही जमीन आत बोलावून घेतली. त्यात लबाडी किती आणि भाषेची अपरिहार्यता किती, हे सांगणे कठीण आहे.

वसईचे हिरवेपण नैसर्गिकही नाही, आणि ही गोष्ट आराखडाकाराइतकीच आपणही विसरतो. किनाऱ्यालगतची जमीन वाळूमिश्रित, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाड्या. अशा ठिकाणी गोडे पाणी टिकते ते माणसाने टिकवले म्हणून. त्यासाठी आपल्या पूर्वजांनी बावखले खोदली. बावखल म्हणजे वाडीतले किंवा गावातले उघडे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, वाळूतून मुरते, आजूबाजूच्या विहिरी त्यावर गोड राहतात. रहाट होते तोवर बैलाच्या चालीने जेवढे पाणी वर येई तेवढेच वापरले जाई. पंप आले, उपसा वाढला आणि विहिरींत खारेपणा शिरू लागला. पावसाळ्यात आसपासचे पाणी बावखलात येऊन विसावते, म्हणून घरांत शिरत नाही. पूर्वेकडे आणि खाडीकाठी खाजणे, मिठागरे, भरतीला अडवणारे बांध. हे सगळे मिळून एक यंत्र आहे, आणि ते हाताने घडवलेले आहे. त्याला ‘निसर्ग’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘ना-विकास’ म्हणणेही चूक. जमीन-वापराच्या तक्त्यात बावखलाला रकाना नाही. ते सापडले तर ‘पाणथळ’ म्हणून सापडते; खाजगी मालकीचे आणि लहान असेल, तर सापडतच नाही. मग एका उन्हाळ्यात डंपर येतात, माती पडते, आणि जे नोंदलेलेच नव्हते ते नाहीसे झाल्याची नोंद कोणी घ्यायची?

२०१६ साली मुंबई महानगर प्रदेशाचा २०३६ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध झाला, तेव्हा वसईत जी अस्वस्थता पसरली तीत एक मागणी अशी होती की, हा इंग्रजी मजकूर आम्हाला मराठीतून द्या. मागणी रास्तच होती. ज्याच्या जमिनीचे भवितव्य ठरायचे त्याला ते त्याच्या भाषेत वाचता येऊ नये, यासारखी थट्टा नाही. पण त्या दिवसांत नकाशाची एक छापील प्रत घेऊन मी नात्यातल्या एका वयस्क काकूंकडे गेलो होतो. आयुष्यभर त्यांनी भाजीची पाटी घेऊन मुंबई गाठली. वाचता जेमतेम येते. मी रंग समजावून सांगितले, रस्त्यांच्या रेघा दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बाळा, पाणी कुठून येते नि कुठे जाते, ते यात कुठे दाखवलेय?” मी शोधू लागलो. नाले होते, खाडी होती. पण काकूंना जे हवे होते ते नव्हते. “मग याचे मराठी करून काय होणार?” त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. दोन वर्षांनी, २०१८ च्या जुलैत, वसई-विरारचा पट्टा पाण्याखाली गेला, नालासोपाऱ्यात रूळ बुडून गाड्या थांबल्या, वसईच्या मिठागराच्या वस्तीत माणसे अडकून पडली. तेव्हा मला त्या प्रश्नाची आठवण झाली. आराखड्याच्या समीक्षेत याहून नेमके वाक्य माझ्या वाचनात नाही.

वादाचा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तो विस्ताराने सांगत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शासनाने वसईची मोठी हरित जमीन बांधकामासाठी मोकळी केली. त्याविरुद्ध हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नेतृत्व त्याला लाभले. हेच फादर पुढे, २०२० साली, उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते निवर्तले. १९९० साली सिडकोला येथले विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. तिने तयार केलेला आराखडा मंजूर व्हायला २००७ साल उजाडले. दरम्यान निम्मे शहर आराखड्याशिवायच बांधून झाले होते. २००९ च्या जुलैत चार नगरपालिका आणि भोवतालची त्रेपन्न गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली. गावांनी विरोध केला, उपोषणे झाली, लाठ्या चालल्या. २०११ साली एकोणतीस गावे वगळण्याचा निर्णय निघाला, आणि तो वाद पुढे दशकभर न्यायालयात पडून राहिला. त्याच वर्षीच्या जनगणनेत या नव्या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती.

यातल्या एका तपशिलाकडे मात्र साहित्याच्या वाचकाचे लक्ष वेधावेसे वाटते. सिडकोचा जन्म १९७० सालचा, तो खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्यासाठी. आणि नव्या मुंबईची कल्पना लोकांपुढे प्रथम मांडली गेली ती एका त्रैमासिकात! चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ती मुल्कराज आनंद संपादित करीत असलेल्या ‘मार्ग’च्या १९६५ सालच्या अंकातून मांडली. कलाविषयक नियतकालिकाने एका शहराचा आराखडा छापला, आणि पाचच वर्षांत सरकारने त्यासाठी महामंडळ स्थापिले. त्या कल्पनेचे पुढे काय झाले, सरकारने आपली कार्यालये तिकडे न नेल्याने ती कशी अधू राहिली, हा निराळा विषय. पण त्या काळी लेखक, चित्रकार, वास्तुकार यांना शहराविषयी बोलण्याचा अधिकार आपला आहे असे वाटत होते. तीच सिडको पंचवीस वर्षांनी वसईत आली, तेव्हा आपल्या नियतकालिकांनी काय छापले?

आपण शोकगीते छापली. हे मी उपहासाने म्हणत नाही; त्यांतली काही चांगली होती, आणि आंदोलनाच्या दिवसांत त्यांनी माणसांना बळ दिले. परंतु त्या साऱ्या कविता, ललित लेख, आठवणी आज एकत्र घेऊन बसले की एक गोष्ट टोचू लागते. त्यांतली वसई म्हणजे नामांची माळ आहे: रहाट, चाफा, मोगरा, केळीचे बन, पाखाडी, क्रूस, आजीचे लुगडे, संध्याकाळची प्रार्थना. क्रियापद एकच, ‘गेले’. कर्ता तेथेही नाही. आराखडा म्हणतो ‘वापर बदलण्यात येईल’, कवी म्हणतो ‘वाडी हरपली’. दोघांच्याही वाक्यांतून तो माणूस गाळला गेला आहे ज्याने सही केली. आणि रंगही आपण त्यांचाच उचलला. ‘हिरवी वसई वाचवा’ ही घोषणा म्हणून उत्तमच; तिने हजारो माणसे रस्त्यावर आणली. पण तिने एक किंमत वसूल केली. वसई म्हणजे हिरवे, हिरवे म्हणजे आम्ही, आणि जे उरले ते सिमेंट, बिल्डर, परके, हे समीकरण रुजले. नकाशाच्या वर्णमालेत वाद मांडला की त्याला नकाशातच उत्तर मिळते: ठीक आहे, हा तुकडा हिरवा ठेवतो, तो पिवळा करतो, तुमच्या हिरव्यात थोडे चटईक्षेत्र वाढवून देतो. २०१६ च्या आराखड्यात नेमकी हीच भाषा होती, आणि तिला तोंड देताना आपल्याजवळ टक्क्यांखेरीज बोलायला दुसरे काही नव्हते.

त्या गाळलेल्या माणसाविषयी बोलणे अवघड आहे, कारण तो बहुधा आपल्या घरातला असतो. माझ्या एका चुलत आजोबांची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगायची गरज नाही, अशी गोष्ट प्रत्येक आळीत आहे. ते कुळ होते. कुळकायद्याने १९५७ च्या एक एप्रिलला कसणाऱ्याला मालक मानले आणि सावकाराच्या नावावरची अर्धा-पाऊण एकराची वाडी त्यांच्या नावावर झाली. सात-बाराचा तो पहिला उतारा त्यांनी चौकटीत घालून भिंतीवर, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली लावला होता. त्या कागदासाठी त्यांच्या वडिलांनी काय सोसले ते त्यांना ठाऊक होते. त्यांचे तीन मुलगे शिकले. एक बँकेत लागला, एक आखातात गेला, धाकटा वाडीत राहिला आणि राहिल्याबद्दल आयुष्यभर हिणवून घेत राहिला. मजूर मिळेना, विहीर खारावली, भाजीचा भाव दलालाच्या हाती. १९९२ च्या सुमारास धाकट्याने वाडी विकली. विकत घेणारा परका नव्हता. पलीकडच्या आळीतला, लग्नामुंजीला भेटणारा, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. आजोबा तेव्हा हयात होते. त्यांनी ती चौकट भिंतीवरून उतरवली नाही. माझे वडील एकदा त्यांना म्हणाले, “काका, आता तो कागद खोटा झाला.” ते म्हणाले, “कागद खरा आहे रे. आपण खोटे झालो.”

या गोष्टीत भारतीय शेतीविषयक कायद्याचा, शिक्षणाचा, आखाती पैशाचा, भावाभावांतल्या मत्सराचा, मजुरांच्या प्रश्नाचा सारा गुंता आहे. एका कादंबरीला पुरेल एवढा ऐवज. पण ती कादंबरी आपण लिहिली नाही, कारण ती लिहायची तर धाकट्या मुलाला खलनायक करून भागत नाही आणि निर्दोष ठरवूनही भागत नाही. तशीच टँकरची कथा. नव्या इमारतींना नळाचे पाणी नव्हते. सूर्या धरणाचे पाणी यायला वेळ लागला. तोवर वाडीतल्या विहिरींचे पाणी टँकरने गेले. विहिरींचे मालक आपणच होतो. पैसे मोजून घेतले, आणि रात्री सभेत पाण्याच्या पातळीविषयी ठराव मांडला. त्या माणसाच्या मनात त्या रात्री काय चालले असेल, हे जाणून घेण्यासाठीच तर साहित्य असते. वाडीत राबणारा आदिवासी मजूर तर आपल्या लेखनात फार तर ‘आमचा गडी’ म्हणून येतो. वाडी विकली गेली तेव्हा तो कोठे गेला, हे विचारावेसे कोणाला वाटले नाही. त्याचे नाव ना सात-बारावर होते, ना आपल्या कवितेत.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे ‘बिल्डिंगवाल्यां’कडे. आपल्या लेखनात ते याच नावाने येतात, बहुवचनी आणि चेहऱ्यावाचून. ते आले कोठून? १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी रीतसर संपलाच नाही. भाडेनियंत्रणाचा १९४७ चा कायदा, मग १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. हेतू चांगले, पण परिणामी मुंबईत सामान्य माणसाने भाड्याने घर घ्यायचे दिवस सरले. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या भावंडांपैकी एकाला ती खोली मिळे, बाकीच्यांना लोकलचा पास मिळे. फंडाच्या पैशातून नालासोपाऱ्यात वन-रूम-किचन घेणारा, घेतल्यावर ती इमारत अनधिकृत असल्याचे कळणारा, पहाटे विरार गाडीच्या दारात लटकणारा हा माणूस आपल्या वाडीच्या कुंपणापलीकडे पस्तीस वर्षे राहतो आहे. मराठी साहित्याने त्याची पूर्वपीठिका लिहिली. भाऊ पाध्ये यांनी ‘वैतागवाडी’त मुंबईत जागा शोधणाऱ्या माणसाची फरफट लिहिली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने १९९७ साली गिरणगावातले घर आतून फुटताना दाखवले. त्या नाटकाचा पडदा पडतो, आणि पुढला अंक भूगोलाने आपल्याकडे सोपवला होता. ती फुटलेली घरे बोळिंजला, आचोळ्याला, माणिकपूरला येऊन उतरली. आपल्या इतके जवळ दुसऱ्या कोणत्याही लेखकाला राहता आले नसते. आपण कुंपण उंच केले.

येथे आराखड्याला न्याय द्यायला हवा. ज्या दस्तऐवजाची मी वर एवढी उणीदुणी काढली, त्याने या येणाऱ्या माणसाचा निदान विचार तरी केला. त्याच्या मुलांसाठी शाळेचे आरक्षण टाकले, एक मैदान आखले, दवाखाना, बाजार, स्मशानभूमी दाखवली. त्यांतली बरीच आरक्षणे पुढे गिळली गेली, तिथे चाळी उठल्या, हे खरे. पण कागदावर तरी तो माणूस होता. आराखड्याने त्याच्यासाठी खेळाचे मैदान आखले. आपण त्याच्यावर एक कथाही लिहिली नाही. या तुलनेत आपल्याला ओशाळवाणे वाटायला हरकत नाही.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो मोलाचा आहे. मित्र म्हणतात, लढाई चालू असताना सूक्ष्म लेखन करायला वेळ कोणाला असतो? घोषणा साधीच लागते. घरातले विक्रेते आणि दारातले नवागत यांची गुंतागुंत उलगडत बसलो असतो, तर पश्चिम पट्ट्यात आज जी काही वाडी उरली आहे तीही उरली नसती. हे मला मान्य आहे. गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नंदाखाल या बाजूला अजून सकाळी फुलांची टोपली दिसते, ती त्या साध्या घोषणेमुळे आणि तिच्यासाठी मार खाल्लेल्या माणसांमुळे. आंदोलनाची भाषा आंदोलनाने बोलावी. माझी तक्रार अशी की साहित्यानेही तीच बोलली, आणि मोर्चा परतल्यावरही तीच बोलत राहिली. मोर्चातल्या माणसाला एका बाजूला उभे राहावेच लागते. कथालेखकाला ती सक्ती नसते, मग त्याने ती स्वतःवर का ओढवून घ्यावी?

आणि व्यवहारातही त्या साधेपणाने आपले नुकसान झाले, असे मला वाटते. गोव्याचे उदाहरण जवळचे आहे. तेथे २०११ च्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध २००६ च्या डिसेंबरात लोक उठले आणि पुढल्याच महिन्यात सरकारला तो मागे घ्यावा लागला. येथवर आपल्यासारखेच. पण त्यानंतर २०२१ चा आराखडा करताना नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले, आणि गावकऱ्यांनी आपापल्या झरी, खाजनी, देवस्थाने, डोंगरउतार त्यांवर मांडावेत अशी अपेक्षा धरली गेली. त्या कामाच्या कृतिगटाचे प्रमुख पुन्हा चार्ल्स कोरियाच होते. तो आराखडाही पुढे २०१२ साली स्थगित ठेवला गेला, तेव्हा फार भाबडे होण्याचे कारण नाही. तथापि काही काळ तरी गावातल्या माणसाला ‘नको’ यापलीकडे काही सांगण्याची जागा मिळाली, आणि सांगण्यासाठी त्याला आपले गाव नीट पाहावे लागले. आपल्याकडे हरकती हजारोंनी गेल्या. त्यांतल्या बहुतेक एकाच छापील मजकुराच्या होत्या. खाली सही आणि पत्ता तेवढा निराळा. संख्येला वजन असते हे खरे. पण हजारो माणसांनी हजार निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या असत्या, आपापले बावखल, आपापला बांध, पाणी साचण्याची आपापली जागा, तर त्या ढिगातून वसईचे केवढे मोठे वर्णन उभे राहिले असते! ते काम आपल्या शिक्षकांनी, लेखकांनी, मासिकांनी करायचे होते. आपल्या बोलीभाषांत जमिनीच्या उतारांना, पाण्याच्या वाटांना, मातीच्या पोतांना शब्द आहेत. ते कोशात घालायला आपण धावलो, आणि हरकतीच्या अर्जात घालायला विसरलो.

काकूंच्या त्या प्रश्नानंतर मी एक काम केले, तेवढे सांगून थांबतो. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतली बावखले मी मोजायला निघालो. वयस्क माणसांना बरोबर घेतले. काही भरलेली निघाली, एकावर इमारतीचे वाहनतळ होते, एक कचऱ्याने बुजत आलेले. प्रत्येकाला नाव होते. कोणाचे पूर्वजाच्या नावावरून, कोणाचे झाडावरून, एकाचे तर त्यात बुडून गेलेल्या मुलीच्या नावावरून. ती यादी, कोणते बावखल कोणत्या विहिरी राखते आणि पावसात कोणत्या बाजूने भरते त्या तपशिलासह, मी मराठीत सुवाच्य लिहिली आणि हरकत म्हणून दाखल करायला गेलो. खिडकीतला लिपिक सज्जन होता. त्याने अर्ज वाचला, खरोखरच वाचला, आणि म्हणाला, “साहेब, सगळे बरोबर आहे, पण सर्व्हे नंबर टाकल्याशिवाय मला नोंदवता यायचे नाही.” पहिलेच बावखल तीन वाड्यांच्या सीमेवर होते. खोदणाऱ्यांनी ते मुद्दामच तसे खोदले असणार, तिघांनाही पाणी मिळावे म्हणून. मी त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, “मग कोणता लिहू?”

तिन्ही लिहा, मी म्हटले. त्याच्या रकान्यात जागा एकाचीच होती. त्याने थोडा विचार केला, पेन बारीक धरला, आणि तिन्ही आकडे एकाखाली एक बसवले.